खाली माणूस लागत नाही

“दाजी, तुम्ही सांगाल तोच घेऊ,” मेहुणा म्हणाला, तेही दुकानदारासमोर. आपण ऐकलं ते खरं की काय, असं दाजींना वाटलं.

अवजारांच्या दुकानामागच्या फरशीवर दोन लोखंडी धुडं पडली होती. एक चिमटा, एक पंजा. लाकडाचे ओंडके उचलून ओढत न्यायला ट्रॅक्टरच्या मागे जोडायची ही यंत्रं. चिमटा साधा. साखळीला लोंबकळणारे दोन वाकडे दात, कुणीतरी खाली उभं राहून ते ओंडक्यावर बसवायचे, ट्रॅक्टरने ओढ घेतली की ते आपोआप आवळतात. पंजाचा थाट निराळा. तो तेलाच्या दाबावर चालणारा. सीटवर बसल्या बसल्या दांडी ओढली की उघडतो, मिटतो, गर्रकन फिरतोसुद्धा. किमतीत जमीन-अस्मानाचा फरक होता आणि म्हणूनच मेहुणा सकाळपासून हनुवटी खाजवत होता.

दाजी लाकडाच्या वखारीतले घरजावई. घरजावयाला सासरी दोनच गोष्टी हक्काच्या असतात, पहिल्या वर्षी कौतुक आणि उरलेली वर्षं काम. दाजींच्या वाट्याला साखळी आली. ओंडक्याखाली पहार घालून तो जरा उचलायचा, खालून साखळी सरकवायची, आकडा अडकवायचा आणि चटकन बाजूला व्हायचं. मेहुणा वर ट्रॅक्टरवर. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच, फक्त शेळ्या पायावर पडत नाहीत. दाजींच्या डाव्या पायाची करंगळी असल्याच एका ओंडक्याने नेली होती. ओढ घ्यायची घाई मेहुण्याने केली होती, पण घरात बोलणं झालं ते दाजींच्या वेंधळेपणाबद्दल.

सासरे होते तोवर मेहुणा दाजींना मान देऊन बोलायचा. ते गेले आणि वखारीच्या गल्ल्यावर तो बसला. तेव्हापासून दाजी त्याला चारचौघांत ‘शेठ’ म्हणत आणि घरात काहीच म्हणत नसत.

अशा माणसाला एकदम ‘तुम्ही सांगाल तो’ म्हटल्यावर तो हरभऱ्याच्या झाडावर चढणारच. शिवाय आज त्याला आणखीही एक कारण होतं. मेहुण्याच्या कमरेने पार दगा दिला होता. ट्रॅक्टरचे हादरे आता बंद, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मग ट्रॅक्टरवर बसणार कोण? दाजींनी हा हिशोब रात्रीच मनात जुळवला होता. वखारीच्या आवारात ट्रॅक्टर इकडचा तिकडे करायला दाजीच लागत. साखळीचा माणूस काय, कुठूनही मिळेल. नाहीतर हे यंत्र येईल. बायको तर सकाळी शर्टाला इस्त्री करतानाच म्हणाली होती, “बघा, शेवटी माझ्या भावाला तुमची किंमत कळली.”

दाजी कामाला लागले. आधी चिमट्याजवळ उकिडवे बसले, दातांच्या टोकांवरून अंगठा फिरवला.

“साल काढलेला, भिजलेला ओंडका धरेल का हा?”

“धरेल की,” दुकानदार म्हणाला.

“धरेल, पण चढावर सोडेल. ओढ जरा ढिली पडली की ह्याचे दात उघडतात. आणि मुख्य म्हणजे, शेठ, ह्याला प्रत्येक ओंडक्यामागे खाली माणूस लागतो. दात बसवायला एकदा, काढायला एकदा. म्हणजे आपली साखळी काय वाईट होती? तीच कटकट, नुसतं नवं लोखंड.”

“बरोबर आहे,” मेहुणा म्हणाला.

मग पंजा. दाजींनी तो उघडून दाखवायला लावला, मिटून दाखवायला लावला. मिटल्यावर दात एकमेकांत शिरतात की नाही ते वाकून पाहिलं, नाहीतर बारीक लाकडं निसटतात. तेलाचे पाइप बाहेरून लोंबतायत, फांदीत अडकले तर फाटतील, त्यांच्यावर पत्र्याचं कवच हवं म्हणाले. मागे एवढं वजन आलं की ट्रॅक्टरची पुढची चाकं हवेत जातील, तेव्हा पुढे लावायची वजनं ह्याच किमतीत बसवून द्या म्हणाले. दुकानदार आधी हसत होता, मग वही काढून लिहून घेऊ लागला.

“इतकं लोक विचारत नाहीत हो,” तो म्हणाला. “इथेच नोकरीला या तुम्ही.”

दाजी लाजले. “शेठ, डोळे झाकून पंजा घ्या. एकदाच पैसे जातील, पण काम दुप्पट होईल. मुळात ह्याला खाली माणूस लागतच नाही.”

हे वाक्य ते अगदी खुशीत बोलले. आपल्याच पायावर एवढा मोठा धोंडा इतक्या आनंदाने मारून घेणारा माणूस दुकानदारानेही पाहिला नसेल.

“मग ठरलं?” दुकानदार म्हणाला. “चालवणार कोण? त्याला दांड्या समजावून देतो. मोफत.”

दाजींनी नकळत शर्ट खाली ओढून नीट केला.

“मुलगा येतोय माझा,” मेहुणा म्हणाला. “शहरातली नोकरी सोडतोय. पुढच्या आठवड्यात पाठवतो त्याला शिकायला.”

मागच्या रस्त्यावरून एक रिकामा ट्रक खडखडत गेला. दाजी मेहुण्याकडे वळले.

“आणि मी?” त्यांनी विचारलं.

“तुम्ही आता आराम करा, दाजी.” मेहुण्याने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. “किती दिवस चिखलात लोळायचं माणसाने? तुमचे हाल बघवत नाहीत म्हणून तर हा खर्च करतोय.”

“ट्रॅक्टर मला येतो की.”

“येतो हो. पण ह्या वयात नव्या दांड्या, नवी बटणं... पोरांचा हात पटकन बसतो. आणि वखारीमागच्या तुमच्या त्या दोन खोल्या आहेत ना, त्या त्याला लागतील. लगेच नाही. बघू सावकाश. ताईला मी सांगेन माझ्या पद्धतीने.”

गरज सरो, वैद्य मरो. पण वैद्याला निदान स्वतःच्या मरणाचं औषध तरी स्वतः कुटावं लागत नाही. दाजींनी तर यंत्र पारखून, दाखवून, पटवून दिलं होतं. त्यांना राग आला. मेहुण्याचा आला आणि त्याहून जास्त स्वतःच्या जिभेचा आला.

एवढ्यात दुकानदाराने किमतीचा कागद पुढे केला, त्यावर पुढची वजनं आणि पाइपांचं कवचही धरलेलं होतं. मेहुण्याचा चेहरा पडला. त्याने तो दोनदा वाचला, फरशीवरच्या चिमट्याकडे पाहिलं.

“फार होतायत हो,” तो म्हणाला. “दाजी, चिमटाच घेऊ का? खरं सांगा.”

दाजींनी मनात पुन्हा हिशोब मांडला. चिमटा आला तर दात बसवायला माणूस लागेल. तो माणूस आपण. चिखल आपला, चढावर सुटणारा ओंडका आपला, पण खोल्याही आपल्या. आयुष्यात ते सहसा खोटं बोलले नव्हते. सचोटी वगैरे काही नाही, कुणी त्यांना काही विचारलंच नव्हतं.

“चिमटा... तसा वाईट नाही,” ते म्हणाले.

“वाईट नाही?”

“म्हणजे, बघायला गेलं तर मजबूत आहे. त्यात बिघडण्यासारखं काही नाही. तेल नको, पाइप नकोत.”

“चढावर सोडतो म्हणालात.”

“सांभाळून बसवला तर नाही सोडत. मी बसवीन ना नीट.”

“अहो, मघाशी तर तुम्हीच म्हणालात,” दुकानदार मध्येच बोलला. गिऱ्हाईक हातचं जाताना त्याला दिसत होतं. “तीच कटकट, नुसतं नवं लोखंड. प्रत्येक ओंडक्यामागे खाली माणूस. मी लिहून घेतलंय, पुढच्या गिऱ्हाइकाला असंच सांगणार आहे.”

मेहुणा दाजींकडे बघत राहिला. मग त्याला समजलं आणि तो हसला. चिडला असता तर बरं झालं असतं.

“काय हो दाजी,” तो दुकानदाराला ऐकू जाईल असं म्हणाला, “स्वतःची सोय बघता होय? वखारीचं नुकसान झालं तरी चालेल?”

“तसं नाही, शेठ.”

“जाऊ द्या. पहिलं बोललात तेच मनापासून बोललात.” त्याने खिशातून पेन काढलं. “पंजाच द्या.”

सही होईपर्यंत दाजी पुढची वजनं मोजून घेत होते. एक कमी होतं. ते त्यांनी मागून घेतलं. नसतं घेतलं तर आपलं काय गेलं असतं, असं त्यांच्या मनात आलं, पण हाताला तशी सवय नव्हती.

घरी पोहोचेपर्यंत ऊन उतरलं होतं. बायको वखारीच्या मागच्या खोलीत दाराशी शिवणयंत्र ओढून बसली होती. मांडीवर जुन्या चादरीचा तुकडा, बाजूला कापसाचं गाठोडं.

“काय घेतलं?”

“पंजा.”

“तुम्ही सांगितलेला?”

“हो.”

“म्हणजे ऐकलं ना त्याने तुमचं?”

“शब्द न् शब्द ऐकलं.”

ती खुशीत हसली. शेजारणीला दुपारीच सांगून झालं होतं तिचं, निवडायला आमच्या ह्यांना नेलंय म्हणून. “ट्रॅक्टरची सीट कडक असते ना हो? दिवसभर त्यावर बसायचं म्हणजे तुमचीही कंबर जाईल त्याच्यासारखी. उशी शिवत्येय. केवढी करू?”

सांगून टाकावं, असं दाजींच्या ओठांवर आलं. ते दारात उभे राहिले. तिने सुईत दोरा ओवला आणि मान वर करून वाट पाहिली.

दाजींनी दोन्ही हात पुढे केले आणि सीटची रुंदी दाखवली, बोटाचाही फरक न पडू देता.

“मागे जरा निमुळती आहे,” ते म्हणाले. “आणि दोन्ही बाजूंना नाड्या लाव. नाहीतर घसरते.”