वेळेवर येणारी बाई

अव्वाच्या गोळ्या जावई द्यायचा. औषधांची पेटी कोट्रेशच्या कपाटात असायची आणि किल्ली त्याच्या गळ्यातल्या लिंगाइतकीच जपलेली, पाकिटात. दावणगेरेच्या त्या घरात अव्वाची सख्खी मुलगी गिरिजा असताना हे काम जावयाकडे का, असं कुणी विचारत नसे. गिरिजाला स्वतःलाही विचारावंसं वाटत नसे. आपल्या हातून एखादी वेळ चुकेल, एखादी गोळी दोनदा जाईल, हे तिला सगळ्यांपेक्षा जास्त ठाऊक होतं.

गिरिजा ज्युनियर कॉलेजात इतिहास शिकवायची. शिकवायची सुरेख. राजेराजवाडे सोडून ती सैनिकांच्या शिदोरीत काय असे, घोड्यांना पाणी कोण पाजत असे, हे सांगत बसायची आणि मागच्या बाकावरची पोरंसुद्धा गप्प व्हायची. पण पोर्शन कधी पुरा होत नसे. तपासलेल्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा एकदा बसमध्ये राहिला, तेव्हा प्राचार्यांनी सगळ्या स्टाफसमोर तिची हजेरी घेतली. घरी दूध उतू जायचं, कपडे मशीनमध्येच आंबून जायचे, मुलगी स्पंदना शाळेच्या फाटकाशी उभी राहायची. स्पंदना पुढे मंगळुरूला शिकायला गेली आणि कामाचं काही असलं की फोन वडिलांना करायला लागली. गिरिजाने ते पाहिलं. नवऱ्याशी, नातलगांशी, कुणाशी तिने कधी वाद घातला नाही. लोक म्हणायचे, स्वभावाने शांत आहे, पण कशाची पर्वा नाही.

हे सगळ्यात आधी अव्वा म्हणायची. आणि अव्वाने ते पक्कं धरून ठेवलं, ते डोळ्याच्या ऑपरेशनच्या दिवसापासून.

तेव्हा अव्वा हरिहरला एकटी राहत होती आणि तिचं सगळं ठीक चाललं होतं. मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख ठरली, गिरिजाने सकाळी येऊन तिला घेऊन जायचं ठरलं. अव्वा पहाटेच आंघोळ करून, कपाळाला विभूती लावून, धुतलेलं लुगडं नेसून दाराच्या पायरीवर बसली. गिरिजाही लवकर उठली होती. निघण्याआधी सहज म्हणून तिने कपाटातलं एक जुनं पुस्तक काढलं, वर्गात सांगायचा एक संदर्भ बघायला. तो सापडेना म्हणून दुसरं काढलं. मान वर केली तेव्हा ऊन स्वयंपाकघरापर्यंत आलं होतं. ती धावतपळत हरिहरला पोहोचली, तर अव्वा अजून पायरीवरच होती. शेजारीण तिच्या डोक्यावर छत्री धरून उभी होती. अव्वा एवढंच म्हणाली, "आलीस? ये, जेवून जा."

रागावली असती तर बरं झालं असतं. ऑपरेशन नंतर झालं, अव्वाची धाकटी बहीण, म्हणजे गिरिजाची चिक्कम्मा पार्वतम्मा, तिला घेऊन गेली, नजरही चांगली आली. पण त्या दिवसाची गोष्ट अव्वाने प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशाला सांगितली. शेवटी म्हणायची, "पोरीला आई आठवली नाही. दुसरं काही नाही."

पुढे काही वर्षांनी अव्वाच्याच डोक्यातून गोष्टी निसटायला लागल्या. आधी चुलीवरचं भांडं, मग घरी यायचा रस्ता, मग माणसं. गिरिजा आणि कोट्रेश तिला दावणगेरेला घेऊन आले. अव्वा दोनदा जेवायची, दिवा देवापुढे ठेवायचा तो भाजीच्या टोपलीत ठेवायची, आणि सगळे म्हणायचे, बिचारी, आजार आहे, तिचा काय दोष. कोट्रेश तर तिच्याशी इतका हळुवार बोलायचा की गिरिजाला कधीकधी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभं राहावं लागायचं. विसरणाऱ्या माणसाशी असंही बोलता येतं, हे तिला पहिल्यांदाच कळत होतं.

गिरिजाचा धाकटा भाऊ उमापती बंगळुरूला असायचा. तो अगदी वेगळा. लहानपणी पूजेला दोन मिनिटं मांडी घालून बसला नाही. छपरावरून पडून हात मोडला, तो बरा होण्याआधी चिंचेवरून पडून पाय मोडला. मोठेपणी नोकऱ्या धरल्या आणि सोडल्या, साहेबाच्या तोंडावर बोलला, न बघता जमीन घेतली, बोलता बोलता लग्नही मोडून बसला. त्याच्याबद्दल अव्वाची तक्रार मात्र नव्हती. वादळ आहे माझं पोरगं, म्हणायची आणि हसायची. वादळ सगळ्यांना दिसत होतं. खिडकीपाशी गप्प बसलेल्या मुलीकडे बघायला कुणाला सवड नव्हती.

चाळिशीला टेकल्यावर उमापतीला एका मित्राने डॉक्टरकडे नेलं. एडीएचडी निघाला. लक्ष एका जागी न ठरण्याचा, लहान मुलांचा म्हणून लोकांना माहीत असलेला हा त्रास मोठ्यांतही राहतो, हे त्याला तिथे कळलं. औषध सुरू झालं, आठवड्याला कुणाशी तरी बसून बोलणं सुरू झालं, आणि वर्षभर तो एकाच नोकरीत टिकला. मग एका रविवारी तो दावणगेरेला आला. चहाबरोबर मिरची-मंडक्की, म्हणजे मिरचीची भजी आणि चुरमुरे, खाताना अर्ध्यावर हात थांबवून म्हणाला, "अक्का, मला जे आहे ना, ते तुलाही आहे."

"मला? मी कधी छपरावर चढले रे?"

"तू नाही चढलीस. तुझं डोकं चढायचं. मी शेजारी बसून बोलायचो आणि तू तिथे नसायचीस. मला लहानपणी वाटायचं, हिला मी आवडत नाही."

गिरिजा हसली आणि मंडक्कीतले शेंगदाणे वेगळे करत राहिली. कोट्रेश पेपरमागून म्हणाला, की आता विसरायलाही डॉक्टर लागतो का. त्यात टोमणा होता, पण नुसता टोमणा नव्हता. बँकेतून दमून येऊन घरातली प्रत्येक गोष्ट दुसऱ्यांदा बघायची, हे त्याने इतकी वर्षं केलं होतं.

उमापतीने दावणगेरेतच एका डॉक्टरीणबाईंची वेळ घेऊन दिली. गिरिजा ती वेळ विसरली. दुसरी घेतली, त्या दिवशी ती निघाली आणि वाटेत बाजारात भाजी घेऊन घरी परत आली. तिसऱ्या वेळी उमापती रजा काढून आला आणि त्याने तिला हाताला धरून रिक्षात बसवलं.

डॉक्टर शैलजा घाई नसलेल्या बाई होत्या. त्यांनी झोप विचारली, थायरॉइडची तपासणी लिहून दिली, उदास वाटतं का ते विचारलं. मग विचारलं, "माणसं तुमच्याशी बोलत असतात आणि तुम्ही ऐकत नसता, तेव्हा तुम्ही कुठे असता?"

 आजवर सगळ्यांनी गिरिजाला, तू इथे का नाहीस, म्हणून विचारलं होतं. तू कुठे आहेस, हे कुणी विचारलं नव्हतं. ती पदर तोंडाला लावून रडली, आणि सदा खुर्चीत चुळबुळ करणारा उमापती ती थांबेपर्यंत हलला नाही.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. काहींचं पायात आणि जिभेवर असतं, ते लोकांना दिसतं. काहींचं नुसतं आत चालतं, तिथे पळापळ तेवढीच असते, बाहेर आवाज येत नाही. पुष्कळांना दोन्ही थोडंथोडं असतं. आत चालणाऱ्यांना, त्यातून मुलींना, आळशी आणि बेफिकीर म्हणून सोडून देतात. "पण हे मोठेपणी उगवत नाही," त्या म्हणाल्या. "लहानपणी तुम्हाला पाहिलेलं कुणी असेल तर मला बोलायचंय. आई आहेत?"

भावाबहिणींनी एकमेकांकडे पाहिलं. शेवटी उमापतीनेच आठवेल ते सांगितलं.

औषधाने काही जादू झाली नाही. पहिल्या गोळीने छाती धडधडली, ती कमी करावी लागली. तोंड कोरडं पडायचं, दुपारी भूक मरायची. पण एका सकाळी गिरिजा पोहे करत होती आणि तिच्या लक्षात आलं की आपण फक्त पोहे करतोय. बाकीचे आवाज शेजारच्या घरात गेल्यासारखे वाटत होते. ती तशीच उभी राहिली. हे लोकांना रोज असंच असतं, या विचाराने तिला आनंद व्हायला हवा होता, पण ती गेलेली वर्षं मोजत राहिली.

उरलेलं शिकावं लागलं. चाव्यांना दारामागे एक खिळा. फोनला गजर, आणि गजर वाजला की हातातलं टाकून उठायचं, हे झालं की जाते असं म्हणायचं नाही. उत्तरपत्रिका एकटीने तपासायच्या नाहीत. ग्रंथालयात नंजम्मा नावाची सहकारी आपलं काम घेऊन समोर बसायची, काही बोलायची नाही. नुसतं माणूस समोर असलं की गिरिजाचं काम पुरं व्हायचं. कधी चुकायचं, कधी दोन दिवस सगळं जुन्यासारखं व्हायचं, मग पुन्हा धरायचं.

बऱ्याच महिन्यांनी तिने कोट्रेशकडे औषधांच्या पेटीची किल्ली मागितली.

तो थोडा थांबला. मग किल्ली काढून दिली, पण त्याचं थांबणं तिने पाहिलं होतं. पहिले काही दिवस तो बँकेत जाण्याआधी पेटी उघडून गोळ्यांची पाकिटं बघून जायचा.  एक दिवस त्याने बघणं सोडून दिलं.

मग सकाळच्या गोळ्या गिरिजा द्यायला लागली. आंबील, मग गोळ्या, मग केस विंचरणं. अव्वाला आता मुलगी ओळखू येत नव्हती, पण ही येणारी बाई ओळखीची झाली होती. परसदारी खाटेवर बसून ती अवरेच्या, म्हणजे पावट्याच्या शेंगा सोलायची, दाणे सालांत टाकायची आणि सालं ताटात, आणि गिरिजा ते मागाहून निवडून घ्यायची. असंच एकदा अव्वाने गोळी गिळली, पाणी प्यायली आणि विचारलं, "तू कुणाची गं?"

चुकीचं दुरुस्त करत बसू नका, असं अव्वाच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. "इथलीच मी, अव्वा."

"वेळेवर येतेस हो." अव्वाने तिचा हात हातात घेतला. "माझी एक पोरगी आहे. तिला नाही जमत. ताक आणायला पाठवलं तर रिकामा तांब्या घेऊन यायची. वाटेत कुठे सुतारपक्षी बघत उभी राहायची. मी उलथन्याने मारायची तिला. रडायची. मला वाटायचं, सोंग करतेय."

"सोंग नव्हतं, अव्वा."

"तुला काय माहीत?"

"तिला एक त्रास होता. जन्मापासूनचा. आता औषध घेते."

अव्वा शेंगा सोलायची थांबली. तिच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकत गेलं, आणि गिरिजाला वाटलं, आता ती वर बघेल. "मग मला कुणी सांगितलं का नाही?" अव्वा म्हणाली.

"कुणालाच माहीत नव्हतं. तिलाही नाही."

"फार मारलं गं मी तिला."  परसात शेजारची कोंबडी माती उकरत होती, अव्वा तिच्याकडे बघत बसली. तेवढ्यात ते सगळं निसटून गेलं. तिने पुन्हा गिरिजाकडे पाहिलं तेव्हा चेहरा मोकळा होता. "किती वेळेवर येतेस तू. तुझी आई सुखी असेल. माझ्या पोरीला भेटलीस तर तिलाही जरा शिकव."

"शिकवते," गिरिजा म्हणाली, आणि शेंगांचं ताट पुढ्यात ओढून घेतलं.

तिने हे फोनवर उमापतीला सांगितलं.  एरवी दुसऱ्याचं वाक्य पुरं होऊ न देणाऱ्या माणसाने ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

उन्हाळा सरता सरता अव्वा गेली. माती देऊन सगळे घरी आले. ओसरीवर पार्वतम्मा नातलगांना अव्वाच्या गोष्टी सांगत होती आणि सांगता सांगता ऑपरेशनच्या दिवसावर आली. उन्हात बसलेली अव्वा, छत्री धरलेली शेजारीण. "शेवटपर्यंत तिला ते एक लागून राहिलं होतं," ती म्हणाली. "बाकी काही तक्रार नव्हती तिची."

उमापती उसळून उठायला लागला. गिरिजाने त्याचं मनगट धरलं. त्याने एकदा तिच्याकडे पाहिलं आणि ओठ घट्ट मिटून खाली बसला.

बोलला तो कोट्रेश, जो अशा बैठकीत कधी बोलत नसे. "शेवटचं वर्षभर अव्वाच्या गोळ्या हीच द्यायची, चिक्कम्मा. एकही वेळ चुकली नाही."

पार्वतम्माने डोळे पुसले. तिच्या मनात काही वाईट नव्हतं. "असेल रे बाबा," ती म्हणाली. "पण तेव्हा माझ्या अक्काला कुठे काय कळत होतं."

गिरिजाने मान हलवली, कारण ते खरंच होतं. मग ती उठून आत गेली. गावाहून आलेली म्हातारी माणसं सकाळपासून उपाशी होती आणि भात टाकायचा राहिला होता.