बरी झालेली भेग

हँगरमध्ये त्या दिवशी एवढी माणसं जमली होती की विमान बाहेर ओढायचं म्हटलं असतं तर जागा नव्हती. तिकीट खिडकीवरच्या मुली आल्या होत्या, सामान चढवणारे आले होते, कँटीनवाला गॅस बंद करून आला होता. सगळे पंखाखाली उभे राहून माना वर करून बघत होते. वर, शिडीच्या शेवटच्या पायरीवर, धातुगुरू रडत होते.

रडण्याचं कारण पंखाच्या मुळाशी होतं. आमची कंपनी छोटी. विमानं दोन, आणि दोन्ही वयस्कर. अशा विमानांची ठरावीक उड्डाणांनंतर सक्तीची तपासणी करावी लागते. पंख जिथे धडाला जोडलेला असतो तो सांधा उघडायचा, गंज धरलाय का पाहायचं, भेग पडलीय का पाहायचं. भेग निघाली की भाग बदलेपर्यंत विमान जमिनीवर. यात घासाघीस चालत नाही. या तपासण्यांचं वेळापत्रक आखणं हे माझं काम, म्हणजे चांगलं उडणारं विमान खाली बसवायला सांगायचं आणि सगळ्यांच्या शिव्या खायच्या.

भेग शोधायची रीत सोपी आहे. धातूवर लाल रंग फवारायचा, जरा मुरू द्यायचा, वरवरचा पुसून टाकायचा आणि पांढरी पावडर फवारायची. भेगेत शिरलेला रंग पावडर शोषून घेते आणि पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. आमच्या चष्मेवाल्या इन्स्पेक्टरने हे केलं, तेव्हा गंजाने पडलेल्या एका खड्ड्यातून निघालेली, बोटाच्या पेराएवढी लाल रेघ उमटली. नवा भाग यायला काही महिने लागणार होते. मोठ्या साहेबांनी डोक्याला हात लावला, आणि साहेबांच्या बाईसाहेबांनी आपल्या गुरूंना फोन लावला.

"रक्त!" धातुगुरू शिडीवरून कापऱ्या आवाजात म्हणाले. "लेकरांनो, हे रक्त आहे. धातू रडतोय. तुम्ही कधी त्याला विचारलंत, बाबा रे, दमलास का?"

खाली कोणीतरी हुंदका दिला. ते रक्त चष्मेवाल्याने स्वतःच्या हाताने फवारलं होतं आणि डबा अजून त्याच्या काखेत होता. पण त्यानेही डोळे टिपले.

"तुमचं शास्त्रच सांगतं की धातू थकतो," गुरू पुढे म्हणाले. "सांगतं ना, साहेब?"

"सांगतं," साहेब म्हणाले.

"मग जो थकतो तो जिवंत. जो जिवंत त्याला जखम होते. आणि जखम म्हटली की ती भरते! शास्त्र इथपर्यंत येऊन थांबलं, मी दोन पावलं पुढे गेलो, एवढंच."

या युक्तिवादाने माझी मोडकळीला आलेली स्कूटरसुद्धा थकते आणि मग तिला ताप येतो, असं सिद्ध होत होतं. पण लोकांनी माना डोलावल्या. गुरूंच्या अंगावर धातूचा एक कणही नव्हता. अंगठी नाही, घड्याळ नाही, सदऱ्याला लाकडी गुंड्या. धातू जवळ असला की तो बोलायला लागतो आणि मग माणसांचं ऐकू येत नाही, असं त्यांनी सांगितलं होतं.

मग त्यांनी झोळीतून राखेच्या रंगाचा लेप काढला. त्यांच्या शिष्याने लाल-पांढरं सगळं पुसून लेप सांध्यावर चोळला आणि लोकरीच्या फडक्याने घासायला घेतला. गुरू डोळे मिटून एका सुरात गुणगुणत होते. शिष्य घासतोय, गुरू गुणगुणताहेत, असं दुपारपर्यंत चाललं. शेवटी सांधा असा चकाकला की त्यात बघून दाढी करावी.

"आता तुमच्या यंत्रा-तंत्राने तपासा," गुरू म्हणाले. "मी थांबतो."

चष्मेवाल्याने सगळ्यांच्या देखत तपासणी केली. लाल फवारला, मुरू दिला, पुसला, पांढरी पावडर मारली. आम्ही वाट पाहिली. पांढरं पांढरंच राहिलं. एक ठिपका नाही, रेघ तर दूरच. कँटीनवाल्याने हात जोडले, एका मुलीने जमिनीवर डोकं टेकवलं, आणि साहेब शिडी धरून लहान मुलासारखे हसायला लागले. तपासणी झाली होती, रेघ नव्हती, आणि दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. विमान त्याच आठवड्यात उडायला लागलं.

ते उडवत होते आमचे जावईबापू.

जावई माणूस चांगला. शिस्तीचा, निर्व्यसनी, बूट दिवसातून दोनदा पॉलिश करणारा. फक्त एखाद्या गोष्टीवर विश्वास बसला की तो उठत नाही. धातुगुरूंवर बसला होता. रविवारी दोघं आमच्याकडे जेवायला आली, तेव्हा मी विषय काढला आणि लेकीने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला.

"बाबा, तुम्ही तिथे होता ना?" जावईबापू म्हणाले. "स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंत ना?"

"पाहिलं."

"रेघ आली?"

"नाही."

"मग?"

धातू भरून येत नाही हे मला पक्कं ठाऊक होतं, आणि रेघ आली नाही हेही मी पाहिलं होतं. मी भात कालवत बसलो.

"तुमचा ना, कशावरच विश्वास नाही," लेक म्हणाली. "परवा मीसुद्धा जातेय यांच्याच विमानाने, सासूबाईंना भेटायला. मस्त खिडकी मिळालीय. अगदी पंखाला लागून."

"बसने जा की," मी म्हणालो.

"बाबा!"

ही एकच मुलगी आम्हाला. ती गेल्यावर मी माझ्या थोरल्या बहिणीला फोन लावला. ताई विमान-दुरुस्तीच्या शाळेत भेगा शोधायला शिकवते. आमचे झाडून सगळे इन्स्पेक्टर तिच्या हाताखालून गेलेत, आणि मोठे साहेबही एके काळी तिच्या वर्गात मागच्या बाकावर बसून डुलक्या घ्यायचे.

"ताई, भेग भरून येते का गं?"

"टाचेची? मलम लाव."

"पंखाच्या सांध्याची. तपासणीत आधी दिसली, मग दिसेना."

मग तिने एकच प्रश्न विचारला, "तपासण्याआधी काय लावलं होतं त्यावर?" मी सांगितलं. "उद्या येते," ती म्हणाली आणि फोन ठेवला. आमच्या ताईला गोड बोलायची सवय लागली नाही ती नाहीच.

दुसऱ्या दिवशी विमानाला विश्रांती होती. हँगरच्या दाराशी मात्र रांग लागली होती. धातुगुरू आता कंपनीचे सल्लागार झाले होते, आणि लोक आपापले आजारी धातू घेऊन आले होते. कोणाचा कुकर, कोणाचा नळ, एक गृहस्थ तर कुलूप घेऊन उभे होते. त्याची किल्ली हरवली होती. ताईला पाहताच साहेब खुर्चीतून ताडकन उठले. ते अजून तिच्यापुढे बसत नाहीत.

"बाई, तुम्ही? कळवलं असतं तर गाडी पाठवली असती."

"गाडी नको. तुमचा चमत्कार बघायचाय. माझ्या मुलांनाही शिकवीन म्हणते."

साहेब खूश. गुरू त्याहून खूश. ताईने पिशवीतून ॲल्युमिनियमचा एक ठोकळा काढला. तिच्या वर्गातला, मुद्दाम भेगा पाडलेला. लाल रंग नीट काम करतो की नाही हे पाहायला असा ठोकळा ठेवतात. रंग-पावडर करून दाखवली तर त्यावर जाळीच जाळी उमटली.

"किती सोसलंय याने!" गुरू कळवळले.

"हो ना. मग याला बरं करायचं. पण तुम्ही नका त्रास घेऊ," ताई म्हणाली आणि इकडेतिकडे पाहून आमच्या जावईबापूंकडे वळली. "कॅप्टन, तुमच्याकडे बुटाचं पॉलिश असेल."

"आहे, आत्या. पण..."

"आणा. ब्रशही आणा."

जावईबापू पॉलिशची डबी घेऊन आले. ताईने ठोकळा स्वच्छ केला, मध्ये पट्टी चिकटवली आणि म्हणाली, "ही अर्धी बाजू. बुटावर जीव ओतता तसा ओता. गुणगुणायची गरज नाही."

सगळ्या लोकांच्या देखत, गणवेशातल्या कॅप्टनने ठोकळ्याला पॉलिश केलं. शिस्तीचा माणूस, त्यामुळे मन लावून केलं. अर्धी बाजू लख्ख झाली. चष्मेवाल्याने त्यावर तपासणी केली, लाल, मग पुसणं, मग पांढरं. पॉलिश न केलेल्या बाजूवर रेघांची जाळी. पॉलिश केलेली बाजू पांढरीशुभ्र.

हँगरमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला. लोकांना वाटलं गुरूंची शक्ती कॅप्टनमध्ये उतरली.

"अभिनंदन," ताई जावईबापूंना म्हणाली. "तुम्हीही गुरू झालात. आता मला सांगा, भरली भेग?"

जावईबापू ठोकळ्याकडे बघत राहिले. "पॉलिशने भेग कशी भरेल?" ते हळूच म्हणाले.

"मग रेघ का नाही आली?"

उत्तर चष्मेवाल्याच्या चेहऱ्यावर आधी आलं. त्याचा रंग उतरला. ताईने त्याच्याकडे पाहिलं. "तूच सांग. तपासणीची पहिली पायरी कोणती? माझ्या वर्गात सगळ्यांकडून पाठ करून घेतली होती."

"साफ करणं," चष्मेवाला म्हणाला. "द्रावकाने धुऊन, भिजवून. रंग लावायच्या आधी भेगेचं तोंड उघडं असलं पाहिजे."

"आणि पंखावर केलंस?"

"बाई, ते इतकं चकचकीत होतं... आणि गुरूंचा लेप. तो कसा पुसायचा? बरं दिसलं नसतं."

आता बाकीच्यांना कळायला लागलं. लेपात मेण होतं. ताईने गुरूंच्या लेपाची डबी नाकाशी धरून तसं सांगितलं: मेण आणि चाळलेली राख, फरशीला लावतात त्यातलं. घासून घासून ते भेगेत ठासून बसवलं की लाल रंगाला आत शिरायला जागाच राहत नाही. रंग आत गेला नाही म्हणजे बाहेर येणार नाही. रेघ दिसणार नाही. भेग आपली जिथल्या तिथे. जुन्या मोटारी विकणारे इंजिनावर हाच प्रयोग करतात, फक्त ते रडत नाहीत.

"अश्रद्ध माणसं जवळ असली की जखम पुन्हा उघडते," धातुगुरू गंभीरपणे म्हणाले.

"तसं का?" ताई म्हणाली. "तुमची श्रद्धा पक्की आहे ना? मग उद्या तुम्ही या विमानात बसा. पंखाजवळची जागा आहे, माझ्या भाचीची. ती देईल तुम्हाला."

गुरूंनी डोळे मिटले. "उद्या माझं मौन आहे."

"विमानात बोलावं लागत नाही."

यावर गुरूंनी आजपासूनच मौन धरलं. कोणीतरी हसलं, पण जावईबापू हसले नाहीत. ते शिडीकडे चालायला लागले होते.

सांधा पुन्हा उघडला. चष्मेवाल्याने द्रावकाचे बोळे लावून ठेवले, बदलले, पुन्हा लावले. फडक्यावर राखाडी मेण येत राहिलं. मग लाल रंग, मग पुसणं, मग पांढरी पावडर. आम्ही सगळे त्याच जागी उभे होतो, माना वर करून, पण या वेळी कोणी गुणगुणत नव्हतं.

रेघ उमटली. खड्ड्यातून निघाली, आधी जिथे संपली होती तिथे थांबली नाही, पुढे गेली. जावईबापूंनी तिच्याजवळ बोट धरलं. चमत्कार झाला तेव्हा ती एक पेर होती. आता दोन पेरांच्या पुढे होती. मधल्या आठवड्यातल्या प्रत्येक उड्डाणात ती मेणाखाली वाढत होती, आणि ती सगळी उड्डाणं त्यांनी स्वतः केली होती. भरलेल्या विमानाने.

ते शिडीवरच बसले. मी वर चढून त्यांच्या शेजारी बसलो.

"बाबा," ते म्हणाले, "मी तपासणी पाहिली होती हो. तपासणीवरच विश्वास ठेवला मी."

"सगळ्यांनीच ठेवला," मी म्हणालो.

खाली साहेब ताईला विचारत होते की नवा भाग येईपर्यंत काहीच करता येणार नाही का. ताईने सांगितलं की करता येईल, वाट पाहता येईल. साहेबांनी मान खाली घातली आणि विमान उडण्यास अयोग्य असल्याचा फलक स्वतः जाऊन पंखाला लावला. गुरू आणि शिष्य तोवर निघून गेले होते. कुलूपवाले गृहस्थ मात्र अजून रांगेत होते.

वाचकहो, धातुगुरू आता दुसऱ्या कुठल्या गावात असतील, आणि त्यांचा लेप भेगांवर, गाठींवर, साखरेच्या आजारावर चालत असेल. तिथे तुम्हाला कोणी म्हणेल, अहो, तपासून पाहिलं, अहवाल चांगला आला! त्याला हात जोडून विचारा, तपासण्याआधी काय लावलं होतं, आणि ते धुतलं होतं का. विचारायला संकोच वाटेल, भोवतीच्या माणसांना राग येईल, बरं दिसणार नाही. तरी विचारा. जे खरं आहे ते धुतल्यावरही खरंच राहतं.

जावईबापूंनी शिडीवरूनच घरी फोन लावला. "उद्याचं विमान जाणार नाही," ते म्हणाले. पलीकडून लेकीने काहीतरी विचारलं. कॅप्टनसाहेबांनी फोन माझ्यापुढे धरला. मी फोन घेतला आणि तिला सांगितलं की बसची तिकिटं मी काढतो.