रक्ताच्या नात्यात चालत नाही

वजन उतरवायची इंजेक्शनं लिहायचा अधिकार आमच्या हॉस्पिटलात आम्हा हार्मोनच्या डॉक्टरांनाच आहे. ही औषधं पेशंटला समोर बसवून, नीट विचारपूस करूनच लिहायची. दिवसभर मी तेच करते. पण नियम असा, की रक्ताच्या नात्यात लिहायची नाहीत. म्हणजे अख्ख्या गावाला चालेल, आईला नाही.

आईचा गुडघा कामातून गेलाय. वजन उतरल्याशिवाय हाडांचे डॉक्टर ऑपरेशनला हात लावत नाहीत आणि गुडघा वजन उतरू देत नाही. जिना चढताना ती पायरीगणिक विचारते, मुलीला डॉक्टर करून काय उजेड पडला? मला रडू येतं. पण मी चिडते, ते सोपं पडतं.

शेवटी तिला शेजारच्या खोलीत नेलं. तिथला डॉक्टर माझा ज्युनिअर, पेनाचं टोपण चावणारा. त्याला म्हटलं, दोन मिनिटांचं काम आहे, आटप. त्यानं काही आटपलं नाही. स्वादुपिंड, पित्ताशय, सगळं सावकाश विचारत बसला. उत्तरं मीच देत होते. आईचं सगळं मला तोंडपाठ.

"घरात कुणाला थायरॉइडचा कॅन्सर?"

"नाही," मी म्हटलं.

"मॅडम, मी पेशंटना विचारतोय."

आई पर्सची चेन उघडझाप करत होती. "माझ्या थोरल्या बहिणीला होता," ती म्हणाली.

मावशी दम्यानं गेली, असंच मी लहानपणापासून ऐकत आले होते. आई म्हणाली, गळ्याला गाठ होती. कॅन्सर म्हटलं असतं तर धाकट्या बहिणींची लग्नं अडली असती, म्हणून दमा. मला का नाही सांगितलंस म्हटलं, तर म्हणे, तू कधी विचारलंस? सगळ्या दुनियेला विचारतेस.

नव्हतंच विचारलं. मी लिहून दिलं असतं तर 'नाही' म्हणून मोकळी झाले असते.

तो म्हणाला, यातला एक प्रकार घराण्यात उतरतो आणि त्यात ही इंजेक्शनं धोक्याची. तो नाही असं ठरेपर्यंत इंजेक्शन नाही, आधी आईच्या मानेची सोनोग्राफी आणि रक्ताची तपासणी. मग त्यानं पेन खाली ठेवलं आणि खुर्ची माझ्याकडे वळवली.

"मॅडम, आता तुम्ही. मान जरा वर करा."

मी केली. आईनं माझा हात धरला.

"हिचं नीट बघा हो," ती त्याला म्हणाली. "माझा गुडघा राहू दे."