बुरजावरचा दिवा आणि सात घरं

मित्रांनो, जरा डोळे मिटा. समोर समुद्र आहे असं समजा. आता त्यातलं पाणी काढून टाका. लाटांच्या जागी नांगरलेलं काळं रान ठेवा, होड्यांच्या जागी बैलगाड्या ठेवा, आणि काठावर एक उंच दगडी बुरूज उभा करा. झालं, तोच मी. समुद्रकाठी दीपस्तंभ असतात म्हणे. मी एक जुना टेहळणी बुरूज आहे, त्यांचा कोरडवाहू चुलतभाऊ.

मुरुम गावाकडं जाणाऱ्या गाडीवाटेवर मी उभा आहे. कधीपासून, ते आता मलाही नीट आठवत नाही. माझे दगड जवळच्याच खाणीतून काढले. मी वर वर गेलो, खाण खोल खोल गेली. काम संपल्यावर पाथरवट निघून गेले आणि खाण तशीच उघडी राहिली. अंधारात वाट चुकलेलं माणूस तिच्यात पडू नये म्हणून गावानं माझ्या माथ्यावरच्या कोनाड्यात रोज तिन्हीसांजेला दिवा लावायची रीत पाडली. दिव्याकडं नाक करून सरळ चाललं की खाण बाजूला राही आणि माणूस गावात पोचे.

दिवा लावायचं काम येसकराचं. येसकर म्हणजे गावाची राखण करणारा. पिढ्यान् पिढ्या ते एकाच वस्तीच्या गळ्यात होतं. बावन्न पायऱ्या चढायच्या, बावन्न उतरायच्या. पाऊस असो, ताप असो. शाबासकी कुणाला? मला. "काय दिवा दिसतो आमच्या बुरजाचा!" असं लोक म्हणत. चढणाऱ्याच्या गुडघ्यांबद्दल कुणी बोलत नसे. मीही कधी विचारलं नाही, याची आता लाज वाटते.

शेवटचा येसकर लिंबाजी. छप्पन्न साली त्याच्या वस्तीनं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्यानंतर लिंबाजीनं आपली काठी चावडीवर ठेवली आणि म्हणाला, "आजपासून येसकरकी बंद. दिवा चांगलाच हाय, पर तो आमच्याच गळ्यात का?"

दिवा लावायला दुसरं कुणी पुढं आलं नाही. जो तो म्हणाला, "ते आपलं काम न्हाय." आणि ज्या कामाला कुणी हात लावत नाही, त्याला लोक भूत चिकटवून देतात. दोन-चार वर्षांत माझ्या माथ्यावर बिनमुंडक्याचा राखणदार राहायला आला. मुंडकं काखेत, हातात दिवा. त्याच्या दिव्याकडं जो गेला तो गेला, असं आया लेकरांना सांगू लागल्या. खरं सांगू? वर घुबडांची एक जोडी होती, आणि भिंतीतल्या भोकांतून वारा घुमायचा. इतकी वर्षं मी जागा आहे, मला एकही भूत भेटलं नाही. भेटलं असतं तर निदान सोबत तरी झाली असती.

मग बहात्तरचा दुष्काळ पडला. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत विहिरींचे तळ फाटले. गावातल्या बाया पाझर तलावाच्या कामावर माती वाहायला जात आणि दिवस मावळताना परत येत. त्यांत लिंबाजीची सून चांगुणा होती. तिची लेक मुक्ता, दहा-अकरा वर्षांची, घरी आजोबांजवळ असे.

एका सांजेला अशी वावटळ उठली की सूर्य मावळायच्या आधीच दिसेनासा झाला. सगळं रान धुळीनं भरलं. बाया आल्या नव्हत्या. माझ्या पायाशी मुक्ता आणि लिंबाजी उभे होते.

"आबा, मी वर दिवा लावते."

"न्हाय चढायचं. ते काम आपण टाकलंय."

"काम टाकलंय, आबा. आईला न्हाय टाकलं."

लिंबाजीनं हातातला घरचा कंदील कानाशी हलवून रॉकेल आहे का ते पाहिलं आणि तिच्या हातात दिला. "पायऱ्या मोज. एकोणिसावी ढिली हाय," एवढंच म्हणाला.

किती वर्षांनी माझ्या माथ्यावर उजेड पडला! मला वाटलं, आता बाया सरळ इकडं येतील. पण मी म्हातारा, भुताची गोष्ट विसरलो होतो.

वाऱ्यावरून बोलणं ऐकू आलं. पुढं धुरपदाबाई होती, वयानं सगळ्यांत मोठी. ती किंचाळली, "अगं बया! बुरजावर दिवा! राखणदार उठला! फिरा मागं, त्या अंगानं चला!"

ते अंग म्हणजे खाण. मित्रांनो, मला दगडाचे पाय आहेत. मी धावू शकलो नाही.

"आई! इकडं ये!" मुक्ता ओरडली.

चांगुणा थबकली. "माझ्या मुक्तीचा आवाज वाटतोय, आत्या."

"तसंच वाटत असतंय! घरच्याच माणसाच्या आवाजात हाक मारतंय ते. वळू नगस!"

सहा जणींची पावलं दूर दूर जायला लागली. मुक्तानं कठड्यावर ओणवं होऊन ऐकलं. आपल्यालाच भूत समजतायत, हे तिला कळलं. मग ती छाती भरून ओरडली, "ओ धुरपदाआजी! तुमची काबरी शेळी आमची सुकडी खाऊन गेली! सगळी! डबा बी उलथला!"

सुकडी म्हणजे दुष्काळात लेकरांना वाटायचा तो गोड भुगा. घरात दुसरं काही नसायचं.

रानातून आवाज आला, "माझी शेळी? कुणाला म्हणतीस गं टवळे? दावणीला बांधून आलीय मी!"

"दावं तोडलंय तिनं! येऊन बघा!"

"बघतेच! थांब तिथंच!"

आणि धुरपदाबाई भांडायला म्हणून ताडताड दिव्याच्या दिशेनं चालत आली. तिच्यामागं बाकीच्या पाच. खाणीची कड त्यांच्यापासून दहा पावलांवर राहिली होती. शेळीनं खरंच सुकडी खाल्ली की नाही, मला माहीत नाही. मी कधी कुणाला विचारलं नाही.

पायथ्याशी येऊन धुरपदाबाईनं वर पाहिलं. "हिला तर मुंडकं हाय की गं!" ती म्हणाली आणि हसता हसता खाली बसली. चांगुणा माझ्या पहिल्या पायरीवर बसली.

आता माझं वय झालं आहे. गावात विजेचे खांब आले, दूध सोसायटी निघाली, तिचे डबे सकाळी माझ्याच सावलीत ठेवतात. कुणी माझे दगड गोठ्यासाठी काढून नेतं. मी थकलो आहे, तक्रार करत नाही. फक्त एवढं मागतो, की माझे उरलेले दगड राहू द्या, आणि सगळ्यांच्या उपयोगाची वस्तू दिसली की ती राखणाऱ्याचं ओझंही थोडं उचला.

दुसऱ्या दिवशीचं सांगायचं राहिलं. चावडीवर माणसं जमली. आबाराव पाटील कौतुकानं म्हणाले, "धीट पोरगी. आता बाया येईस्तोवर रोज तूच लाव दिवा, बाळ. तसं तुमच्या घरचंच काम हाय ते."

लिंबाजीनं मान खाली घातली. मुक्तानं एकदा आजोबांकडं पाहिलं, एकदा पाटलांकडं. मग घरच्या चुलीतला एक कोळसा घेऊन ती माझ्याकडं आली आणि माझ्या दाराच्या चिऱ्यावर, गावाला दिसेल अशा मोठ्या अक्षरांत, सात वारांपुढं सात घरांची नावं लिहिली. सोमवारी आबाराव पाटील. मंगळवारी धुरपदाबाई. आपल्या आजोबांचं नाव तिनं रविवारपुढं लिहिलं. मग ती पाटलांसमोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "तात्या, आज सोमवार हाय. एकोणिसावी पायरी ढिली हाय, जपून चढा."