तीन नंबरचा ड्राइव्ह

उद्धवनं नांदेडात आयुष्यभर लोकांची लग्नं शूट केली. घरच्या बाईला मात्र एकदाच कॅमेऱ्यात पकडलं, तेही नवा माइक तपासायचा म्हणून. सौदामिनी भाजी निवडता निवडता त्याला बोल लावत होती, मग स्वतःच हसली. मागच्या वर्षी ती गेली. तिचा आवाज तेवढाच उरला, स्टुडिओच्या मशीनमधल्या एका ड्राइव्हवर. ‘एक कॉपी जास्तीची ठेवा’ असं गिऱ्हाइकांना बजावणाऱ्या या शहाण्याला स्वतःच्या घरापुरतं ते सुचलं नाही.

ड्राइव्ह ज्या कप्प्यात बसेल, त्याचा नंबर मशीन त्याला देई. तीन नंबर कामाचा. नवं लग्न आलं की एक बटण दाबून कोरा करायचा. चार नंबर घरचा, सौदामिनी त्यावरच. दुरुस्तीवाला अमरनाथ कधीपासून सांगत होता, कप्प्यावर भरवसा नको, प्रत्येक ड्राइव्हला स्वतःची कायमची ओळख देऊन टाकू. उद्धव म्हणे, सीझन होऊ दे.

यंदा सण करायचा नव्हता, पण पोटापाण्याच्या हत्यारांची पूजा चुकू नये म्हणून खंडेनवमीला मुलगी मुग्धा लातूरहून आली. कॅमेऱ्यांसोबत तिनं ड्राइव्हही काढले, ओल्या फडक्यानं लख्ख पुसले, पाटावर मांडून हळदकुंकू वाहिलं. पुसताना त्यांच्यावरचे मार्करचे आकडे गेले. सगळे काळे, सारखे. दसऱ्याला तिनं ते अंदाजानं परत बसवले.

मग उमरीचं लग्न आलं. उद्धवनं सवयीनं बटण दाबलं, ड्राइव्ह कोरा केला, त्यावर लग्न भरलं. वर्षश्राद्ध जवळ आलं तेव्हा त्यानं सौदामिनीला शोधलं, तर चार नंबरात आधीचं लग्न निघालं; तिचा ड्राइव्ह तीन नंबरात बसला होता आणि त्यावर उमरीची वरात नाचत होती. अमरनाथनं सगळं तपासलं आणि सांगितलं, वरून दुसरं भरलंय, आता येणार न्हाई.

उद्धव रडला नाही. त्याला काहीच वाटेना. अमरनाथच्या शेजारी बसून तो एकेका ड्राइव्हला ओळख देत राहिला, तेवढ्यात मुग्धाचा फोन आला, तो त्यानं स्पीकरवर घेतला. श्राद्धाला सगळे जमतील, आईचा तो व्हिडिओ टीव्हीवर लावू, म्हणाली.

“तो गेला, बाई. माझ्या हातानं पुसला गेला.”

तिनं हळूच विचारलं, पूजेला ड्राइव्ह मी काढले होते, त्यानं तर काही झालं नाही ना? अमरनाथनं मान खाली घातली.

“न्हाई,” उद्धवनं सांगितलं. “तू बरोबर बसवले होतेस. मीच न बघता बटण दाबलं.”

“न बघता? बाबा, आईला वर्ष नाही झालं अजून.”

“हाव,” उद्धव म्हणाला.

वर्षश्राद्धाला मुग्धा आली ती मामाकडे उतरली. स्वयंपाक केला, पानं वाढली, बापाशी मात्र एक शब्द बोलली नाही. उद्धव खाली मान घालून जेवला. पोरगी आपल्यावर चिडली आहे, स्वतःवर नाही, एवढं त्याला पुरे होतं.