सपरीतलं झुंबर

वानरं आली त्या सकाळी मी सपरीत एकटाच बसलो होतो. सपरी म्हणजे आमच्या घरापुढची कवेलूंची, म्हणजे मातीच्या कौलांची, पडवी; पाहुणा आला की त्याची खाट तिथेच टाकली जाते. तिच्या छपरावर मायने वालाचा वेल चढवला होता, आणि हिवाळ्याच्या कोवळ्या उन्हात शेंगांनी लगडलेलं ते छप्पर मला एखाद्या समाधानी म्हाताऱ्यासारखं वाटत असे.

टोळीत वीसेक वानरं असावीत. ती शांतपणे शेंगा खात होती. अशा वेळी काय करायचं असतं, ते आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं: काही करायचं नसतं. पोट भरलं की वानरं आली तशी निघून जातात. मलाही हे ठाऊक होतं. तरी त्या दिवशी, का कोण जाणे, आयुष्यात प्रथमच पुढाकार घ्यावा असं मला वाटलं आणि मी तेलाचा रिकामा डबा काठीने बडवला. वीसही वानरांनी एकाच क्षणी उडी मारली. नंतर कवेलू फुटण्याचा जो आवाज झाला, तो मला अजून कधीकधी दुपारच्या झोपेत ऐकू येतो.

धूळ खाली बसली तेव्हा सपरीच्या मधोमध खाटेएवढं आभाळ दिसत होतं.

माय परसातून धावत आली. तिने आधी वर पाहिलं, मग माझ्या हातातल्या काठीकडे.

"काऊन वाजवला रे डबा? खाऊन-पिऊन गेले असते बिचारे. जेवत्या पाहुण्याले कोणी हाकलते का?"

मागून माझी धाकटी बहीण मोनाली आली. "माय, दादाले पाहाले पुनमच्या आधी वानरंच येऊन गेले वाटते," ती म्हणाली. "अन् त्यायले काई पसंत नाई पडला."

शनिवारी गावात नाटक होतं. धानाची मळणी आटोपली की आमच्या झाडीपट्टीत गावोगावी नाटकं लागतात, आणि ज्या गावात नाटक, त्या गावात घरोघरी सोयरे उतरतात. मुलामुलींना पाहण्याचे बेतही याच निमित्ताने ठरतात. जुळलं नाही तर नाटक पाहायला आलो होतो असं म्हणून दोन्ही घरांना मान राखता येतो. त्या शनिवारी शेजारच्या गावचे लटारूभाऊ आपल्या मुलीला, पुनमला, घेऊन आमच्याकडे दुपारच्या जेवणाला येणार होते.

घरात साडेआठ हजार रुपये होते. ते मोनालीचे होते. गडचिरोलीला ती नर्सिंग शिकत होती. सोमवारी फीचा दुसरा हप्ता भरला नाही तर तिचा परीक्षेचा फॉर्म अडकणार होता आणि वर्ष वाया जाणार होतं. विकलेल्या धानाचे पैसे खात्यात जमा व्हायचे होते, ते कधी, हे कुणी सांगत नव्हतं. सिंदेवाहीच्या झेरॉक्सच्या दुकानातला माझा पगार मळणीतच संपला होता. गावातल्या कुंभाराने कवेलू थापणं सोडूनही दहा वर्षं झाली होती. टिना, म्हणजे पत्रे, टाकणाऱ्याने छप्पर पाहिलं, टाळूवर हात फिरवला आणि मजुरीसह आठ हजार सांगितले. त्याने आमच्या पेटीत डोकावून पाहिलं असावं, असं मला वाटून गेलं.

"टाकून घेऊ टिना," माय त्या संध्याकाळी म्हणाली. "पोरीवाले काय भोकाखाली जेवतीन? मोनालीचं पुढच्या साली पाहू."

"पाहू ना," मोनाली म्हणाली. "तवरिक मी वानरायलेच इंजेक्शन देऊन हात साफ करून घेईन."

ती हसली, आणि हसता हसता चुलीकडे वळून उगाच विस्तव सारत राहिली. विस्तव चांगला पेटलेला होता. तिच्या पाठीकडे पाहताना मला कळलं की डबा मी वाजवला आहे आणि वर्ष तिचं फुटणार आहे.

"फीच्या पैशाले हात नोका लावू," मी म्हणालो. "मी काहीतरी करतो."

"कर," माय म्हणाली. "पण डब्याले हात नोको लावू."

दुसऱ्या दिवशी मी धनराजमामाकडे गेलो. मामा आमच्याच गावात राहतो आणि हिवाळाभर वडशाच्या एका नाटक कंपनीत पडदे ओढतो. लहानपणी नाटकाला गेलो की माझं लक्ष कथेत नसे. मागच्या पडद्यावरचा राजवाडा आणि त्यातलं झुंबर मी डोळे भरून पाहत असे. त्या झुंबराखाली राहणाऱ्या माणसांना कसली काळजी नसावी, असा माझा समज होता.

"छपराले पडदा?" मामा ओरडला. "अबे, पडदा उभा राह्यते, आडवा नाई!" पण पुढच्याच क्षणी त्याला ती कल्पना माझ्याहून अधिक आवडली. फाटले म्हणून कंपनीने टाकून दिलेले तीन जुने पडदे त्याच्या माळ्यावर पडून होते. "एक बगिचा हाये, एक तुरुंग हाये, अन् एक राजवाडा. सोयऱ्याले तुरुंगात नोको बसवू भाच्या, आत्ताच समजून जातीन. राजवाडा ने."

शुक्रवारी आम्ही तो पडदा सपरीच्या आढ्याखाली ताणून बांधला. सुतळी माझी, शिडी मामाची, सूचना मोनालीच्या. वानरांनी तोडून खाली टाकलेल्या शेंगा मायने आदल्या दिवशीच वेचून ठेवल्या होत्या. त्यांची भाजी, घरचा तांदूळ, आणि अंगणातल्या वांग्यांचं भरीत असा बेत ठरला. पेटी उघडावी लागली नाही.

शनिवारी पाहुणे आले. लटारूभाऊ पाटावर बसले आणि त्यांनी वर पाहिलं. पुनमनेही पाहिलं. मी जमिनीकडे पाहत होतो, कारण पडदा बांधताना दिशेचा विचार कुणीच केला नव्हता, आणि पाहुण्यांच्या बाजूने पाहिलं तर सिंहासनाचे पाय वर होते.

"तुमच्याइथचा राजा उलटा बसते का?" पुनमने मला विचारलं. आवाज अगदी साधा होता. डोळे तसे नव्हते.

मोनाली पटकन म्हणाली, "आमच्या दादासमोर बसाले राजाले लाज वाटते जी."

जेवण सुरू झालं तोवर ऊन माथ्यावर आलं. फुटलेल्या छपरातून ते सरळ पडद्याच्या पाठीवर पडलं आणि एकाएकी रंगवलेलं झुंबर पेटलं. त्याचा प्रत्येक लोलक पिवळाधम्म उजळला. भातावर, ताटांवर, मायच्या पांढऱ्या केसांवर मंद सोनेरी उजेड उतरला. लटारूभाऊंचा घास हातातच राहिला. इतकी वर्षं मी दूर बसून पाहिलेल्या त्या घरात आज आम्ही सगळे जेवत होतो. क्षणभर मला वाटलं, निभलं.

मग छपरावर कवेलू किंचित वाजला. पडद्यावर एक सावली आली. तिने शेपटी सावरली, झुंबराला वळसा घातला आणि नेमकी सिंहासनावर जाऊन बसली. मग ती शेंगा सोलू लागली.

माझा हात आपोआप कोपऱ्यातल्या डब्याकडे गेला. मायने माझं मनगट घट्ट धरलं.

"बसू दे," ती पुटपुटली.

"बसला ना बाप्पा राजा," लटारूभाऊ हळूच म्हणाले. "पण वर छप्पर हाये का नाई?"

माय काहीतरी रचून सांगणार होती. तिचे ओठ हललेही होते. त्याआधी मी बोललो. अनोळखी माणसांसमोर मी सलग तीन वाक्यं कधी बोललो नव्हतो, पण त्या दिवशी सगळंच बोललो: डबा, वानरांची उडी, टिनांचे आठ हजार, मोनालीची फी, मामाचा पडदा. "घरात पैसे हायेत," मी शेवटी म्हणालो, "पण ते तिचे हायेत. तिचं साल गेलं असतं. म्हणून पडदा लावला. तुमाले फसवाचं नव्हतं."

पुनमने ओठ घट्ट मिटून धरले होते. पण वरच्या सावलीने नेमकं त्याच वेळी काखेत खाजवलं, आणि ती हसली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग सगळेच हसले. वर सावली दचकली, पण उठली नाही.

लटारूभाऊंनी ताट पुसून घेतलं. "आमचं घरकुल झालं औंदा," ते म्हणाले. "जुन्या घराचे कवेलू परसात ढीग लावून ठेवले हायेत. बायको रोज म्हणते, साप राह्यते त्याच्यात, कोणाले देऊन टाका. बंडी घेऊन या, अन् घेऊन जा."

"किती द्याचे भाऊ त्याचे?" मायने विचारलं.

"वालाच्या शेंगा द्या. वानरानं ठेवल्या तर." मग माझ्याकडे न पाहता ते म्हणाले, "बाकीचं बोलणं उन्हाळ्यात करू. घाई नाई."

सोमवारी मोनाली एकटीच गडचिरोलीला गेली. दुपारी तिने पावतीचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, 'राजकन्येची फी भरली.'

मंगळवारी मी बंडी जुंपून लटारूभाऊंच्या गावी गेलो. पुनम ढिगाशी उभी राहून एकेक कवेलू माझ्या हातात देत होती. प्रत्येक कवेलू ती आधी बोटाने वाजवून पाही. खणखणीत वाजला तरच पुढे सरकवी.

"डबा आणला का सोबत?" तिने विचारलं.

"नाई."

"मंग ठीक हाये. हे जोरानं वाजवाले नाई देऊन राह्यली मी."

शेवटी तिने धानाच्या तणसात गुंडाळलेलं काहीतरी माझ्या हाती ठेवलं. तो काचेचा कवेलू होता, धुराने काळवंडलेला. "आमच्या चुलीवरच्या छपरात होता," ती म्हणाली. "घासून घ्या." आणि मी आभार मानायचं धाडस गोळा करीपर्यंत ती आत निघून गेली होती.

दोन दिवसांत छप्पर शाकारून झालं. मामाने राजवाड्याची घडी करून ती पुन्हा माळ्यावर टाकली. सपरी होती तशी झाली, आणि त्या संध्याकाळी तिथे बसलो असता मला ती उगाच फार रिकामी वाटली. वेल मी काढला नाही.

काचेचा कवेलू राखेने घासून मी मधोमध बसवला, जिथे झुंबर होतं साधारण तिथेच. रविवारी मोनाली घरी आली. माथ्यावरचं ऊन त्यातून उतरून तिच्या ताटात पडलं तेव्हा तिने मान वर करून बराच वेळ पाहिलं.

"झालं दादा," ती म्हणाली. "आता वानर येईन, अन् आदी वरतून पाहून घेईन, तू घरी हायेस का."