पेनड्राइव्हातला आत्मा

देवळीत भैयाजी महाराजांच्या दरबारात पाय ठेवायला जागा नव्हती. पाटावर हळदकुंकू वाहिलेला कॉम्प्युटर आणि त्याच्यापुढे अंगारा उधळत महाराज डरकाळ्या फोडत होते, "कोण आहेस तू? नाव सांग!"

त्यांनी भागाबाईचा पेनड्राइव्ह खोचला आणि तिच्या मेलेल्या नवऱ्याचा, पुनाजीचा आवाज घुमला. गोंडी गाणे! बायांनी हात जोडले. भागाबाई आधी गेली त्या दुकानातला कॉम्प्युटर याच पेनड्राइव्हाला 'फॉर्मॅट करा', म्हणजे सगळे पुसा, म्हणाला होता.

"आत्मा हाये थो," महाराज म्हणाले. "घरी नेला त कायमचा मुका होईन. इथंच राहू दे."

नवऱ्याचा तेवढाच आवाज उरलेला. भागाबाई तोही सोडून निघाली.

गर्दीत उभ्या असलेल्या, वर्ध्याच्या कॉलेजात संगणक शिकवणाऱ्या यामिनीला राग आवरेना. अंगातल्या भुताला नाव विचारायची रीत या लबाडाने मशीनला चिकटवली होती! आणि मशीन खरोखरच पेनड्राइव्हाला नाव विचारत होते, पण महाराजांच्या आधी आणि मुकाट्याने.

तिने भागाबाईला दारातच थांबवले. "मावशी, गाणं कुठं भरलं होतं?"

"आश्रमशाळेच्या कॉम्प्युटरवर. गुरुजीनं भरून देल्लं."

"महाराज, जरा तोंड मिटून बसा."

तिने पेनड्राइव्ह काढून पुन्हा खोचला. अंगारा नाही, आरडाओरड नाही. पुनाजी गाऊ लागला. मग तिने तो स्वतःच्या लॅपटॉपला लावला. तिथेही गाऊ लागला.

"तुमच्या मशीनलेही आमचीच कृपा!" महाराज घाम पुसत म्हणाले.

"मंग दुकानातल्या मशीननं काय पाप केलं, काऊन नाई झाली तिच्यावर कृपा?" भागाबाईने विचारले.

लोक हसले. यामिनी त्यांच्याकडे वळली. "पेनड्राइव्हात माहिती मांडायच्या पद्धती वेगवेगळ्या असतात. प्रत्येकीची खूण सुरुवातीलाच, ठरल्या जागी लिहिलेली असते. शाळेत, इथं आणि माझ्याकडं लिनक्स नावाची प्रणाली आहे. ती खूण वाचते, पद्धत ओळखते आणि आपणहून उघडते. दुकानातल्या मशीनला ही पद्धत येत नाही, म्हणून ते सगळं पुसून नवी मांडणी करू म्हणते. एवढाच तुमचा आत्मा."

भागाबाईने पेनड्राइव्ह उचलला.

"शाप लागन, बाई!"

"लागू द्या. माह्या माणसाले मेल्यावर तरी घरी राहू द्या."

आपल्याला एखादी गोष्ट कळली नाही, एवढ्याने समोरचा देव होत नाही. जाणत्याला विचारावे, दुसरीकडे लावून पाहावे. जो पाहू देत नाही, त्याच्या दारातून चपला घालून सरळ चालते व्हावे.